बिनधुराची दारू

कमरेच्या पिस्तुलाचा इतिहास बहुधा कोल्ट, वेब्ली, माउझर, ब्राउनिंग अशा नावांनी सांगितला जातो. पण या शस्त्राचे रूप पालटत गेले ते काडतुसातल्या दारूमुळे. ती दारू बनवणारी माणसे मात्र या इतिहासात दिसत नाहीत.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. प्रमाण साधारण 75, 15 आणि 10. फटाक्यांमुळे तिचा वास आपल्या ओळखीचा आहे. ती जळली की निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी होऊन उरतो. सॅम्युअल कोल्टने 1836 मध्ये अमेरिकेत फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. आता एकामागून एक बार काढता येऊ लागले. पण काही बारांनंतर काजळीने चक्री जड होई. ब्रिटिश सैन्याने 1887 मध्ये स्वीकारलेले वेब्ली रिव्हॉल्वरही सुरुवातीला याच दारूवर चाले.

उत्तर कापसात सापडले. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की तो भडकून जळतो, हे 1846 मध्ये शोनबाइनने दाखवले. पण बंदुकीसाठी तो फार उग्र होता. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने तो द्रावकात मळून, लाटून, त्याच्या चकत्या पाडल्या. जळण्याचा वेग आटोक्यात आला, धूर आणि काजळी जवळपास गेली.

त्यानंतरच स्वयंचलित पिस्तूल व्यवहारात आले. त्यात बाराच्या धक्क्यानेच रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत जाते. काजळीत ही यंत्रणा लवकरच अडकली असती. माउझरचे पिस्तूल 1896 चे. पाठोपाठ आलेली ब्राउनिंगची पिस्तुले इतकी चपटी होती की खिशात मावत. सावरकरांनी लंडनहून पाठवलेली अशी 20 पिस्तुले पेटीत लपवून मुंबईला आली. त्यांपैकी एकाने 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. साहेबाच्या कमरेचे हत्यार त्याच्या विरोधकाच्या खिशात आले होते.

पोलीस अधिकाऱ्यांनी मात्र रिव्हॉल्वर दीर्घकाळ सोडले नाही. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, चक्री पुढे सरकते. लष्करात 9 मिलिमीटरचे पिस्तूल रुळले. ते पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागले.

पिस्तूल असो की तोफ, गोळी ढकलायला अशीच दारू लागते. 1962 च्या युद्धानंतर, 1964 मध्ये भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली, ती याच कामासाठी. येथे प्रणोदके आणि स्फोटके तयार होतात. प्रणोदक थराथराने जळून गोळी ढकलते; स्फोटक क्षणात फुटते. दोन्ही हाताळणाऱ्या माणसाला चुकीची मुभा नसते.

24 जानेवारी 2025 रोजी सकाळी या निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळले आणि किमान आठ जणांचा बळी गेला. पिस्तुलावर कारखान्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. पुढे ते संग्रहालयातही जाते. चांगली दारू मात्र जळताना मागे काहीच ठेवत नाही. म्हणून शस्त्रांच्या इतिहासात जवाहरनगरची नोंद वेगळी करावी लागते.