कुलूप आपले, किल्लीही आपलीच हवी

पूर्वी गावाकडून आलेले पोस्टकार्ड घरी पोचण्याआधी अर्धी चाळ वाचत असे. म्हणून सोयरीक, कर्ज, आजारपण असे काही लिहायचे असले की आपली माणसे आंतरदेशीय पत्र घेत आणि कडा नीट चिकटवून टाकत. त्या पत्रात गुन्ह्याचे काही नसे, घरचे असे. आज हे सारे मोबाईलमध्ये आले आहे. मुलीच्या स्थळाची बोलणी, बचत गटाचा हिशेब, दवाखान्याचे कागद, जातीचा दाखला, अत्याचाराच्या तक्रारीची प्रत. ते कोणाला वाचता येते, हे प्रत्येक कष्टकरी कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे.

चिकटवलेल्या पत्राचे आजचे रूप म्हणजे एन्क्रिप्शन, म्हणजेच सांकेतिक कुलूप. संदेश आपल्या फोनमधून निघतानाच त्याची न कळणारी अक्षरे होतात. ज्याला पाठवला त्याच्या फोनमधल्या किल्लीनेच ती उलगडतात. मधल्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये हे कुलूप सर्वांना दिले. साध्या एसएमएसला मात्र असे कुलूप नसते.

बाबासाहेबांनी मागितलेला हक्क

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची विनाकारण झडती होऊ नये आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असा हक्क त्यांनी त्यात मागितला. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशीच दुरुस्ती संविधान सभेत मांडली. बाबासाहेब ती स्वीकारायला तयार होते, पण मतदानात ती फेटाळली गेली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला.

सरकारचे म्हणणे

सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. कुलूपबंद संदेशाची उघडी प्रत नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावी आणि पोलिसांनी मागितल्यास दाखवावी, असे त्यात होते. देशभर ओरड झाली आणि मसुदा मागे घ्यावा लागला. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेश कंपन्यांना, आदेश निघाल्यास संदेश मुळात कोणी पाठवला ते सांगण्याचे बंधन घातले. त्याने कुलूपच मोडेल असे सांगत व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

सरकारचे कारण पोकळ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. अफवा मोबाईलवरूनच पसरली होती. भटक्या, गरीब माणसांचाच त्यात बळी गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवेला आळा घालायला कुलूप मोडावे लागले नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार सरकार संदेश उघडून देण्याचा आदेश काढू शकते. मदत नाकारल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असा आदेश गृहसचिव देतात आणि त्याची फेरतपासणीही सचिवांचीच समिती करते. न्यायाधीश त्यात कोठेच नाही. बाबासाहेबांनी वॉरंटासाठी सबळ कारणाची अट मागितली होती. ते कारण न्यायाधीशासमोर दाखवले जावे, ही मागणी आपण केली पाहिजे. सर्व घरांची एकच किल्ली बनवली तर ती उद्या गावगुंडाच्या हाती पडणार नाही, याची हमी कोण देणार?

घरी एवढे करा

फोनला सहा आकडी पिन लावा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. बॅकअपलाही एन्क्रिप्शन लावा, मात्र त्याचा पासवर्ड विसरू नका, कारण कंपनीही तो परत देऊ शकत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका. तो सांगितला की कुलूप कितीही मजबूत असो, किल्ली आपणच चोराला दिली असे होते.

शिकलेल्या मुलामुलींनी येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास द्यावा. आई-वडिलांचे, शेजारच्या आजींचे फोन एकेक करून पाहावेत. शिक्षणाचा उपयोग समाजाला असाच होतो.

जयभीम!