आपल्याच संगणकातली परकी पलटण

इथे चिकपेटमध्ये आपल्या विटा-खानापूरकडचे गलाईवाले आहेत, सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारे. त्यातल्या एकाचा मुलगा परवा घरी आला. "काका, दुकानाचे ईमेल सगळे परत येतात. म्हणे तुमच्याकडून स्पॅम येतं. आम्ही तर दिवसाला चार ईमेल पाठवतो!"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. स्पॅम त्याच्याच संगणकातून जात होतं, त्याच्या नकळत.

अशा छुप्या प्रोग्रॅमला बॉट म्हणतात. बिलाच्या नावाने आलेली फाइल उघडली, किंवा चोरीचं सॉफ्टवेअर टाकलं, की तो आत शिरतो आणि गप्प बसतो. फौजेत आम्ही वायरलेसवर हुकमाची वाट बघायचो, तसा. दूरच्या सर्व्हरवरून मजकूर आणि पत्त्यांची यादी आली की लागला पाठवायला. अशा हजारो-लाखो संगणकांची पलटण म्हणजे बॉटनेट. हुकूम देणारा लांब सुरक्षित, आणि काळ्या यादीत जाते तुमची इंटरनेट जोडणी. इथे तर एकच जोडणी तीन दुकानांत वाटलेली. शेजारच्या साडीवाल्याचा संगणक स्वच्छ, तरी त्याचेही ईमेल अडले.

'रस्टॉक' या बॉटनेटमध्ये सुमारे १० लाख संगणक होते. दिवसाला ३,००० कोटी ईमेल पाठवायची त्याची ताकद. मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोर्टाचा हुकूम मिळवून त्याचे अमेरिकेतले सर्व्हर बंद पाडले. एकेका शिपायाच्या मागे न लागता थेट मुख्यालयच तोडलं. फौजी माणसाला हे पटतं. पण ज्यांच्या संगणकात बॉट होता, तो तिथेच राहिला. तो ज्याचा त्याने काढायचा.

त्यासाठी आपल्या सरकारच्या सर्ट-इन संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. बाधित संगणकाची खबर ते इंटरनेट कंपनीमार्फत ग्राहकाला देतात. त्यांच्या संकेतस्थळावर बॉट काढायची साधनं फुकट मिळतात, त्यात पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. या मुलालाही तशी सूचना आली होती. त्याने ती स्पॅम समजून पुसून टाकली!

आम्ही आधी इंटरनेटची वायर काढली. दुसऱ्या संगणकावरून साधन पेनड्राइव्हवर आणून चालवलं, आणि सगळे पासवर्ड दुसरीकडूनच बदलले. मग काळ्या यादीतून नाव काढायचा अर्ज. दोन दिवसांनी ईमेल जाऊ लागले.

त्याला म्हटलं, आता साडीवाल्याला जाऊन खरं काय ते सांग. अजून गेलेला नाही.