पिल्लू घ्यायचं कॅन्सल केलं, मग दिलेलं टोकन परत मिळतं का?

इन्स्टाग्रामवर लॅब्रेडॉरच्या पिल्लांची रील दिसते. मेसेज केला की उत्तर येतं, "तीनच पिल्लं राहिलीत, टोकन टाका, तुमच्यासाठी ठेवतो." यूपीआयने पैसे जातात. चार दिवसांनी घरमालक नाही म्हणतो, किंवा घरात कुणाला तरी ॲलर्जी निघते. खरेदी कॅन्सल होते आणि पैसे मागितले की ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "टोकन नॉन-रिफंडेबल असतं."

हा कायदा नाही, विक्रेत्याने घातलेली अट आहे. अट होती एवढ्याच कारणावरून सगळी रक्कम त्याची होत नाही.

आधी बघायचं ते हे की व्यवहार मोडला कोणी. पिल्लू सांगितलेल्या जातीचं नाही, आजारी आहे, ठरलेल्या दिवशी दिलं नाही किंवा परस्पर दुसऱ्याला विकलं, तर चूक विक्रेत्याची. अशा वेळी पूर्ण रक्कम परत मागता येते, वर नुकसान झालं असेल तर भरपाईही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. "45 दिवसांचं पिल्लू, लगेच मिळेल" अशा जाहिराती सगळीकडे दिसतात. पण 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार 8 आठवड्यांपेक्षा, म्हणजे 56 दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही. शिवाय ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. "आमच्याकडे केसीआयचे पेपर आहेत" हे त्याचं उत्तर नाही. केनेल क्लबची कागदपत्रं कुत्र्याच्या वंशाची असतात, धंद्याच्या परवानगीची नाहीत. विक्रेताच नियम मोडून विकत असेल तर टोकन अडवून धरण्याची त्याची बाजू बरीच लंगडी होते.

आता अवघड प्रकार. पिल्लू ठीक आहे, विक्रेता द्यायला तयार आहे, मन तुमचं बदललं. मग काय?

आपल्याकडे घर, जमीन किंवा बैलजोडी घेताना विसार द्यायची पद्धत जुनीच आहे. कोर्टही विसार आणि किमतीचा आगाऊ हप्ता या दोन गोष्टी वेगळ्या धरतं. सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये एका घराच्या व्यवहारात सांगितलं की रक्कम खरोखर विसार म्हणून ठरली असेल आणि खरेदीदारानेच माघार घेतली, तर विक्रेता ती ठेवू शकतो. आगाऊ हप्ता मात्र असा जप्त करता येत नाही.

पण विसारालाही मर्यादा आहे. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 74 म्हणतं की करार मोडल्यास मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. 2015 च्या कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात प्राधिकरणाने 78 लाखांचा विसार जप्त केला होता. 3 कोटी 12 लाखांची बोली लागलेला तो भूखंड पुढे 11 कोटी 78 लाखांना विकला गेला. त्या प्रकरणात खरेदीदाराची चूक नव्हती हे खरं, पण कोर्टाने हेही बजावलं की नुकसानच झालं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही.

हेच पिल्लाला लावून बघा. समजा किंमत 25,000 आणि टोकन 5,000. तुम्ही नाही म्हटल्यावर तेच पिल्लू आठवड्यात दुसऱ्याने 25,000 लाच नेलं, तर विक्रेत्याचं नुकसान म्हणजे आठवड्याचं खाणं आणि फार तर एखादी लस. उलट तुम्ही महिनाभर "येतो, येतो" करत राहिलात, त्याने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली आणि पिल्लू मोठं झाल्याने भाव पडला, तर त्याचं म्हणणं खोटं नाही. त्यामुळे नाही म्हणायचंच असेल तर लवकर आणि लेखी म्हणा. आणि 25,000 च्या पिल्लाला 15,000 चं "टोकन" घेतलं असेल, तर ते विसार कमी आणि हप्ता जास्त आहे.

पैसे मागताना फोनवर भांडत बसू नका. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर रक्कम, तारीख, यूपीआय व्यवहार क्रमांक, रद्द करण्याचं कारण आणि परतफेडीची मुदत लिहून पाठवा. विक्रेत्याचा खर्च खरा वाटत असेल तर तेवढा कापून बाकीचे मागा. कोर्टकचेरीपेक्षा यातून पैसे लवकर सुटतात. जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण स्टोरी 24 तासांत गायब होते.

दाद लागली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत 2 वर्षांची. विक्रेता दुसऱ्या शहरात असला तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं. एक बारकावा: "टोकनची अटच अन्यायकारक आहे" असा मुख्य मुद्दा असेल, तर ते प्रकरण जिल्हा नव्हे तर राज्य आयोगाकडे जातं. आणि समोरचा धंदेवाईक नसून शेजारच्या काकू असतील, ज्यांच्या कुत्रीला एकदाच पिल्लं झाली, तर ग्राहक आयोगाचा मार्ग अवघड आहे. तिथे दिवाणी कोर्ट, किंवा त्यापेक्षा चहा पीत केलेली तडजोड.

टोकन घेऊन नंबरच बंद झाला तर मात्र ही फसवणूक आहे. लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. इथे तासातासाने फरक पडतो.

राहिला पोपट आणि स्टार कासवाचा विषय. आपले देशी पोपट आणि स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांची खरेदी-विक्रीच गुन्हा आहे. असा बेकायदा सौदा कोर्ट मानत नाही, त्यामुळे त्यासाठी दिलेलं टोकन मागायला गेलात तर आधी तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल.

टोकन अजून दिलेलं नसेल, तर पैसे टाकण्याआधी विक्रेत्याला एवढाच मेसेज करा: "मी अमुक तारखेपर्यंत रद्द केलं तर किती कापणार, आणि तुम्ही रद्द केलं तर किती परत देणार?" उत्तर लेखी येईपर्यंत स्कॅनर उघडू नका.