दुसरी काहील घालण्यापूर्वी

दसरा-दिवाळीला गुऱ्हाळे पेटतात. त्याच्या आधी महिनाभर माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, एक काहील पुरत नाही. दुसरी घालू का?" पूर्वी मी ऊस किती, चरक केवढा, बँक किती देईल एवढेच विचारीत असे. आता आधी विचारतो, "तुम्ही पंधरा दिवस अंथरुणाला खिळलात, तर गुऱ्हाळ कोण चालवील?" काहीजणांना हा प्रश्न अभद्र वाटतो. पण तो विचारावयास मला एका घराने शिकविले, आणि त्यात माझीही चूक होती.

घर कोल्हापूर जिल्ह्यातले. कर्त्या गृहस्थांना सगळे आबा म्हणतात. घरचा तीन एकर ऊस, शिवाय भाऊबंदांचाही ऊस गाळून द्यावयाचे. सौद्यात त्यांच्या गुळाला गिऱ्हाईक थांबून राही. हे पाहून मीच म्हणालो, "आबा, वाढवा आता." दुसरी काहील, मोठा चरक, त्यासाठी कर्ज. कर्जाच्या कामी शब्द माझाच होता.

पहिले दोन महिने बरे गेले. जानेवारीत दोन रवे तांबूस निघाले, आणि आबा गुळव्याला चार गिऱ्हाइकांसमोर नको ते बोलले. तो काही बोलला नाही. आठवड्याने दुसऱ्या गुऱ्हाळवाल्याची जास्त उचल घेऊन निघून गेला. त्याच सुमारास आबा तापाने आडवे झाले.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा लागतो. नाहीतर त्याचे वजन घटते, साखर उतरते, आणि पुढे रवा नीट बसत नाही, गूळ चिकट राहतो. इथे ऊस तोडून पडलेला, काहिली दोन, आणि पाक कधी उतरावयाचा हे सांगणारा कोणीच नाही. थोरल्या मुलाने धाडस केले. तीन आधणे काकवीसारखी राहिली. बाजाराच्या दिवशी मजुरांचा पगार आला. पैसे घरात होते, पण पेटीची किल्ली आबांच्या करगोट्याला, आणि कोणाला किती उचल दिली हे त्यांच्या डोक्यात. तापात ते एक सांगत, मजूर दुसरे सांगत. चुलवाणात चिपाड घालणारे दोन गडी त्याच दिवशी गेले. वहिनी मला म्हणाल्या, "साहेब, घरात चार माणसं असून आम्ही पाव्हण्यासारखी उभी होतो."

भाऊबंदांच्या उसाची भरपाई करावी लागली. बँकेचा हप्ता थकला. दुसरी काहील गोठ्यात पालथी पडली.

उन्हाळ्यात आम्ही परत बसलो. सून बारावी झालेली. तिने उचलीची वही घातली. प्रत्येक मजुराचे पान वेगळे, रक्कम लिहिली की त्याची सही किंवा अंगठा, आणि तसाच एक कागद त्याच्याही हातात. आबांना आधी हे कमीपणाचे वाटले. "माझ्या शब्दावर माणसं येतात," असे ते म्हणत. खरे आहे, पण शब्द तापात आठवत नाही.

तिनेच दुसरा हिशेब काढला. घरचा ऊस फुकटचा समजून आबा नफा मोजीत. एक टन उसाचा साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ होतो. कारखान्याला ऊस घालून टनाला 3,000 रुपये येणार असतील आणि गूळ 110 किलो पडला, तर किलोमागे 27 रुपयांचा ऊस आधीच गेला. तोडणी, मजुरी, वीज, अडत त्याच्या वर. घरच्या माणसांची मजुरीही धरावी. वाढवण्याजोगा धंदा आहे की नाही, हे इतके मांडल्यावरच कळते.

सर्वात अवघड काम गुळव्याचे. नवा गुळव्या आला तेव्हा आबांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले, "माझ्या पोराला शिकवायचं, आणि त्याचे पैसे वेगळे." हे उघड बोलले ते फार बरे झाले. नाहीतर आपली जागा जाणार म्हणून कारागीर विद्या लपवितो. मी उष्णतामापक आणून दिला. पाक 116 ते 118 अंशांवर आला की गुळासाठी उतरावयाचा. पण खारवट रानाचा ऊस, खोडवा, आडसाली, प्रत्येकाचा पाक निराळा वागतो. शेवटी थंड पाण्यात टाकलेली गोळी बोटांनी चाचपावीच लागते. (कृषी पदवी घेऊन तीस वर्षे झाली, मला अजून ती गोळी कळत नाही. मुलाला दोन महिन्यांत कळू लागली.)

मजुरांना रागावण्याबद्दल एक सांगतो, कारण याकडे फार दुर्लक्ष होते. रंगावरून चारचौघांत बोलणी खाल्लेला गुळव्या पुढच्या वेळी रंग सुधारीत नाही, हळूच हायड्रॉस जास्त टाकतो. गूळ पिवळाधमक निघतो, मालक खूश होतो, आणि खाणाऱ्याच्या पोटात रसायन जाते. आबांकडे आता आधण बिघडले तर गुळव्याने स्वतः येऊन सांगावयाचे, आणि आबांनी आधी विचारावयाचे, ऊस कोणत्या रानातला होता, भेंडीचे पाणी किती घातले, मळी वेळेवर काढली का. आवाज चढलाच, तर तो मजूर जेवावयास गेल्यावर. आबांचा स्वभाव पूर्ण बदललेला नाही, पण गेल्या हंगामात एकही माणूस मध्येच गेला नाही.

दोन हंगाम त्यांनी एकच काहील चालविली आणि थकलेले हप्ते फेडले. काही माल एक किलोच्या रव्यांत पाडला. घडणावळ जास्त, पण घरगुती गिऱ्हाईक थेट दारात येऊ लागले.

यंदा दसऱ्याला दुसरी काहील घासून चुलवाणावर चढविली आहे. तिच्यापाशी मुलगा बसणार, पहिलीपाशी गुळव्या. परवा मी गेलो तेव्हा आबा गावाला गेले होते, चार दिवस झाले. चरक चालू होता. सुनेने मला काकवीची वाटी दिली आणि पगार वाटावयास बाहेर गेली.