वय वाढले, काम घटले. ताट मात्र तेवढेच

आपल्या वस्तीतील पन्नाशी ओलांडलेली माणसे डोळ्यांसमोर आणा. कुणी तीस वर्षे रस्ते झाडले, कुणी बांधकामावर पाट्या उचलल्या, कुणी चार घरची धुणीभांडी केली, कुणी कंपनीत तिन्ही पाळ्या केल्या. त्या काळात दोन वेळा भरपेट भात आणि तीन-चार भाकरी खाऊनही अंगावर काही चढत नव्हते. खाल्लेले सगळे कामात खर्ची पडत होते. आता कुणी निवृत्त झाले, कुणाचे गुडघे धरले, कुणाला मुलांनी "आता बस झालं आई, घरी थांब" म्हणून काम सोडायला लावले. काम थांबले, पण ताट होते तेवढेच राहिले. दोन-तीन वर्षांत पोट पुढे आले, जिना चढताना धाप लागू लागली आणि दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." ते कसे करायचे हे सांगायला गर्दीच्या दवाखान्यात वेळ नसतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या वयात नुसते बारीक होणे हा उद्देश नाही. पोटाचा घेर कमी करायचा आणि हातापायांतली ताकद टिकवायची, ही दोन्ही कामे बरोबरीने करायची आहेत. यातले पहिले झाले आणि दुसरे राहिले, तर म्हातारपण अधिक अवघड होते.

काटा सगळे सांगत नाही

तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाच्या स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते. साठीनंतर ही घट आणखी वेगाने होते. स्नायू कमी झाले की बसल्या जागी शरीराला लागणारी ऊर्जाही कमी होते. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर चरबी मांड्या आणि नितंबांऐवजी पोटावर जमू लागते. म्हणून वजन जुनेच असले तरी आतमध्ये स्नायूंची जागा चरबीने घेतलेली असू शकते.

आपल्या देशातल्या माणसांना हा धोका जास्त आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचाच फोटो छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१ टक्के निघाली. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसालाही साखरेचा आजार का होतो, याचे उत्तर या चरबीत आहे.

म्हणून काट्यासोबत टेप वापरा. शिवणकामाची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडा आणि मोजा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. वजनाचा अंदाज हवा असेल तर असा: पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे वजन ५३ किलोच्या पुढे गेले की ते जास्त आणि ५८ च्या पुढे लठ्ठपणा. साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंची असेल, तर हेच आकडे ६२ आणि ६८ होतात.

ताटाचा हिशोब

आपल्या ताटात भात आणि चपातीच जास्त का असते, हे आपल्याला ठाऊक आहे. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळते; डाळ, अंडी, भाजी मात्र बाजारभावाने आणावी लागते. स्वस्त वस्तूने पोट भरणे हा कुणाचा दोष नाही. त्यात आपल्या वडीलधाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या पिढीला भरलेले ताट म्हणजे इज्जत वाटते आणि उरलेले अन्न टाकणे जिवावर येते. घरातली आई सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात राहिलेला भात 'वाया जाऊ नये' म्हणून स्वतः खाऊन टाकते. तिची भावना खरी आहे, पण तो भात तिच्याच पोटावर आणि गुडघ्यांवर जाऊन बसतो. यावर उपाय चुलीपाशी आहे: शिजवतानाच वाटी मोजून कमी शिजवा. उरलेच नाही, तर संपवायची वेळ येणार नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभरातील एकूण ऊर्जेपैकी धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये. आपल्याकडे ती पुष्कळदा त्याहून खूप जास्त येते. एकदम निम्मे करू नका. चार चपात्या खात असाल तर तीन करा, भाताची एक वाटी कमी करा. ती जागा भाजीने आणि घट्ट वरणाने भरा. पाण्यासारख्या पातळ आमटीत डाळ नावालाच असते.

आता चहा मोजू. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे रोज आठ चमचे, सुमारे ४० ग्रॅम साखर. महिन्याला एका माणसाच्या चहातच सव्वा किलो साखर होते. ही अर्धी केली तरी चवीत फार फरक पडत नाही, आणि दोन आठवड्यांत जिभेला सवय होते. तेलाचेही तसेच आहे. पोहे खायचा एक मोठा चमचा तेल एका चपातीपेक्षा जास्त ऊर्जा देते. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरले पाहिजे. पिशवी कधी फोडली ती तारीख तिच्यावर लिहून ठेवा, म्हणजे हिशोब आपोआप कळेल. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत हवे.

ताकद टिकवायला प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, मूठभर फुटाण्यांतून तेवढीच, आणि ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून जवळपास २५ ग्रॅम. मटकी, चवळी, हरभरा, ताक, मासे, चिकन यांतले जे परवडेल ते रोज थोडे थोडे घ्या. सुकट-बोंबील उत्तम, पण त्यात मीठ फार असते. ब्लडप्रेशर असलेल्यांनी ते भिजवून दोनदा धुऊन घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

राजालाही जमले नव्हते

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खात असे. एकदा असेच जेवून धापा टाकत तो श्रावस्तीला भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने जवळच्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणत जा, असे सांगितले. त्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. राजाचे खाणे हळूहळू उतरत एका नाळीच्या मापावर आले आणि शरीर हलके झाले.

यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे खाणे क्रमाक्रमाने कमी झाले, एका दिवसात नाही. दुसरी म्हणजे राजालाही आठवण करून देणारे माणूस लागले. आपल्या घरातही एखादी सून, नातू किंवा नवरा-बायको एकमेकांचे सुदस्सन होऊ शकतात. मात्र आठवण करून द्यायची, टोमणा मारायचा नाही. "किती जाड झालीस" म्हटल्याने माणूस चोरून खातो. "आज्जी, आज तीनच हं" एवढे पुरते.

उपाशी राहू नका

उपाशी राहून झटपट वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. नंतर वजन परत चढते तेव्हा बहुतेक चरबीच परत येते. म्हणून आठवड्याला अर्धा किलोच्या वर उतरवू नका. सत्तर किलोच्या माणसाने सहा महिन्यांत साडेतीन किलो कमी केले तरी साखर आणि ब्लडप्रेशर यांत फरक दिसू लागतो. गुडघ्यांना तर लगेच आराम पडतो. वजन १ किलो कमी झाले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. डोस तोच ठेवून जेवण घटवले तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर असे होऊ शकते. उपोसथाला दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनीही हे लक्षात ठेवावे. आणि संध्याकाळी जेवायचे नाही म्हणून दुपारी दुप्पट खाल्ले, तर वजनाला त्याचा काही फायदा नाही.

वस्तीत हल्ली वजन उतरवणाऱ्या पावडरीचे डबे विकणारे फिरतात. एका डब्याच्या पैशात घरात महिनाभराची डाळ आणि अंडी येतात. वजन कमी करणारी इंजेक्शनेही आता भारतात मिळतात. ती महाग आहेत, त्यांचे दुष्परिणाम आहेत आणि ती फक्त डॉक्टरांनी तपासून लिहून दिली तरच घ्यायची.

चाला, आणि उठबस करा

एका वडापावात सुमारे ३०० कॅलरी असतात. त्या चालून खर्च करायच्या तर तासाभराहून जास्त चालावे लागते. म्हणून वजन उतरते ते मुख्यतः ताटातून. पण उतरलेले वजन टिकते आणि अंगात ताकद राहते ती हालचालीमुळे. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, भरभर चालायचे. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, असा वेग हवा. दहा-दहा मिनिटे तीनदा चाललात तरी चालेल. गल्ली अरुंद असेल तर विहाराचे अंगण आहे, शाळेचे मैदान आहे. चार बायका मिळून निघाल्या की संकोचही जातो.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. त्याला पैसे लागत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला तळहात लावून दहा वेळा भिंतीकडे झुका आणि मागे या. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या दोन हातांत धरून वर-खाली करा. ओट्याला धरून टाचा उचला; याने तोलही सुधारतो आणि पडण्याची भीती कमी होते. छातीत दुखले, श्वास अडकला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

वजन आपोआप घटले तर

हा भाग सगळ्यांनी दोनदा वाचावा. काहीही प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका. साठ किलोच्या माणसाचे सहा महिने ते वर्षभरात तीन किलो किंवा अधिक वजन आपोआप गेले, तर त्यामागे टीबी, वाढलेली साखर, थायरॉइड किंवा कर्करोग असू शकतो. कधी दात नसल्याने चावता येत नाही, कधी जोडीदार गेल्यानंतर मन उदास होऊन जेवण तुटते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम आणि उतरणारे वजन अशी लक्षणे असतील तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते, औषधेही मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात जमा होतात. "वय झालं, आता माणूस वाळणारच" असे म्हणून घरात बसवून ठेवू नका.

सत्तरीच्या पुढचे जे आधीच हडकुळे आहेत, त्यांनी वजन कमी करण्याच्या भानगडीत पडूच नये. त्यांच्या ताटात उलट अंडे आणि वरण वाढवायला हवे.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची ब्लडप्रेशर आणि साखरेची तपासणी आरोग्य मंदिरात आणि सरकारी दवाखान्यात मोफत होते. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एक टेप आणि एक वही घेऊन या. प्रत्येकाचा पोटाचा घेर मोजून त्याच्या वहीत तारखेसह लिहा. ज्यांचा आकडा जास्त आहे त्यांनी त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी आणि घरी जाऊन चहातली साखर अर्धी करावी. तीन महिन्यांनी त्याच टेपने पुन्हा मोजा.