वजन ५८ किलो, कायम

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मेसच्या जेवणाचा नाही, माझ्या मामांच्या जेवणाचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे सांगलीला होतो. त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. अंगातलं जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं, त्याला ड्राय वेट म्हणतात. मामांचं वर्षभर ५८ किलोच. मामी खूश. मीही म्हटलं, रीडिंग स्टेबल म्हणजे सिस्टीम ओके. पण रात्री आडवं झालं की मामांना दम लागायचा, आणि शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

सेंटरवर नवीन आहारतज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही. सहा महिन्यांत जेवण किती कमी झालं, मळमळतं का, जिना चढवतो का, असं विचारलं. मग डोळ्यांखाली, कानशिलावर, गळ्याच्या हाडाशी, दंडामागे हात लावून बघितलं. कानशिलाला चक्क खड्डा पडला होता. मी चार दिवस समोर बसून जेवत होतो, मला दिसला नव्हता.

ह्या तपासणीचं नाव सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट. १९८७ मध्ये टोरोंटोच्या डॉक्टरांनी ती सर्जरीच्या पेशंटसाठी मांडली, नंतर डायलिसिसवाल्यांसाठीही वापरात आली. 'सब्जेक्टिव्ह' ऐकून मी नाक मुरडलं. आकडा द्या ना!

मॅडमनी आकडे दिले, आणि प्रत्येकाची खोडही सांगितली. रक्तातलं अल्ब्युमिन ३.८ च्या खाली गेलं की काळजी. पण ते इन्फेक्शननेही उतरतं, आणि अंगात पाणी साचलं तरी पातळ होऊन कमी दिसतं. दोन डायलिसिसच्या मधे युरिया किती चढला त्यावरून खाल्लेलं प्रोटीन काढता येतं (आपला मास बॅलन्स!), पण शरीर स्वतःचेच स्नायू जाळत असेल तर त्याचाही युरियाच होतो. हाताची पकड मोजतात, तीही फिस्टुला नसलेल्या हाताची. एका सेन्सरवर कुणी विसंबत नाही. म्हणूनच २००१ मध्ये दहा गोष्टी मिळून ० ते ३० असा एक स्कोअर निघाला. जितका जास्त तितकं वाईट.

आणि बीएमआय? त्याला पाणी आणि मांस सारखंच. मामांचं अंदाजे तीन किलो मांस गेलं होतं आणि जागेवर तीन लिटर पाणी बसलं होतं. बेरीज तीच, ५८.

चूक आमच्याच घरातली. डायलिसिसच्या आधी डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं. तो कागद अजून फ्रिजवर होता. डायलिसिस लागल्यावर हिशोब उलटा होतो: दर वेळी मशीन काही ग्रॅम अमिनो आम्लं धुऊन नेतं, म्हणून वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. आणि मामी वाटीभर पातळ वरण वाढून म्हणायची, "जास्त नको, किडनीला त्रास."

ड्राय वेट हळूहळू ५५ वर आणलं, दम थांबला. मामीने कागद काढला. घरात कधी अंडं आलं नव्हतं. आता रोज अंडी उकडून पांढरा भाग मामांना देते. पातेलं मात्र वेगळं, गॅलरीत पालथं ठेवलेलं असतं.