मातीचा सामू : आकड्याआधी पद्धत लिहा

कुंडीतले प्रयोग सुरू करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मातीचा सामू, म्हणजे पीएच, कशाने मोजायचा? पेपरने, प्रोबने की मीटरने? त्या आकड्यावरून तुम्ही काय ठरवणार आहात, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. सामूची मोजपट्टी लॉगची आहे. एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या क्रियाशीलतेत दहापट फरक. 0.3 चा फरकसुद्धा जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे "थोडंसंच तर चुकलं" असं इथे म्हणता येत नाही.

पीएच पेपर. स्वस्त आणि झटपट. पण रंग डोळ्यांनी जुळवायचा, त्यात मातीचं पाणी गढूळ. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी आणि मराठवाड्यातली काळी माती विम्लधर्मी, एवढं तो सांगेल. 7.9 आणि 8.2 मधला फरक त्याला कळणार नाही.

मातीत खुपसायचा दोन काड्यांचा प्रोब. यात काचेचा इलेक्ट्रोड नसतो, नुसते धातू असतात. ओलावा, क्षार आणि मातीशी होणारा स्पर्श बदलला की काटा हलतो. घरच्या बागेत हौसेपुरता ठीक, प्रबंधात नको.

मीटर, पाण्यात. आपल्याकडे सर्रास वापरतात ते 1:2.5 प्रमाण. म्हणजे सावलीत वाळवून 2 मिमी चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम माती आणि 25 मिली डिस्टिल्ड वॉटर. अर्धा तास अधूनमधून ढवळायचं आणि मग रीडिंग घ्यायचं. मीटर आधी बफरवर लावून घ्या. काळ्या मातीसाठी 7 आणि 9.2 चे बफर घ्या, म्हणजे तुमचं रीडिंग त्या दोघांच्या मध्ये पडेल.

मीटर, कॅल्शियम क्लोराइडमध्ये. पाण्याऐवजी 0.01 मोलर द्रावण. खत दिलं की मातीतले क्षार वाढतात, जोराचा पाऊस झाला की धुपून जातात, आणि पाण्यातलं रीडिंग त्याबरोबर वरखाली होतं. द्रावणात क्षारांची पातळी आपणच ठरवलेली असते, म्हणून आकडा जास्त स्थिर राहतो. मात्र तो पाण्यातल्या आकड्यापेक्षा साधारण अर्ध्या ते एका अंकाने कमी येतो.

खरी गोम इथेच आहे. समजा, जूनमध्ये पाण्यात 6.2 आलं आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लॅबने कॅल्शियम क्लोराइडमध्ये 5.6 दिलं. माती आम्लधर्मी झाली का? सांगता येणार नाही, कारण बहुधा फक्त पद्धत बदलली आहे. पण त्या भरवशावर कुंड्यांत चुना घातलात तर पुढचा अख्खा प्रयोग वेगळ्याच मातीवर होतो. पेपर वाचतानाही हेच लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियातले बरेचसे आकडे कॅल्शियम क्लोराइडमधले असतात. तिथली "योग्य सामू" ची मर्यादा उचलून आपल्या पाण्यातल्या आकड्याला लावायची नाही.

मग निवड कशी करायची? मातीची नुसती जात ओळखायची असेल तर पेपर चालेल. भारतातल्या माती परीक्षण अहवालांशी तुलना करायची असेल तर 1:2.5 पाणी. एकाच मातीतला बदल हंगामभर बघायचा असेल तर कॅल्शियम क्लोराइड, किंवा जमल्यास दोन्ही. एकदा निवडलं की शेवटच्या नमुन्यापर्यंत पद्धत बदलायची नाही.

आणि वहीत आकड्याशेजारी माती-द्रव प्रमाण, द्रव कोणता, किती वेळ ठेवलं आणि बफर कोणते, हे चार तपशील रोज लिहा. तीन वर्षांनी प्रबंध लिहायला बसाल तेव्हा त्यांच्याशिवाय तो आकडा कशाशीही ताडून बघता येणार नाही.